ब्रेक करून राहिलो

विमानाच्या तासातासाची नोंद असते. पन्नास तास झाले की तेल बदला, शंभर झाले की उघडून पाहा. किस्स्यांची अशी काही सोय नाही बापा! ते नुसते साचत जातात. बावीस वर्षं मी लहान विमानांखाली उताणा पडून काढली. आता कुठल्याही लग्नात गेलो, की जेवणाच्या रांगेत कोणीतरी मागून खांद्याला हात लावते, "राजूभाऊ, ते नालीवालं सांगा ना!"

सांगतो. पण नालीवालं एकटं सांगता येत नाही, त्याच्या आगेमागे चार गोष्टी आहेत. आणि एक आधीच बोलून ठेवतो. तुम्ही बाहेरचे लोक, म्हणून जरा शुद्ध बोलून राहिलो. गरम झालो की माझं मले-तुले सुरू होते, तेव्हा समजून घ्या.

आमचं फ्लाइंग स्कूल नागपूरच्या बाहेर आहे. नाव सांगत नाही, अजून तिथलीच भाकर खातो. एक धावपट्टी, एक हँगर, तीन विमानं. उत्तरेला मान वळवली की खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. मी तिथे टेक्निशियन. बंडूभाऊ रेडिओ सांभाळतो, पेट्रोल भरतो आणि उरलेल्या वेळात सर्वांना सल्ले देतो. कॅप्टन गौरी शिकवते. तिचं माहेर नागपुरातल्या नंदनवन वस्तीत, माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत, म्हणून मला दादा म्हणते. आणि या सगळ्यांच्या वर चीफ इंजिनीअर जोगळेकर साहेब, खास पुण्याहून आलेले.

*

साहेब येऊन चार दिवस झाले असतील. दुपारी दीडच्या सुमारास हँगरमध्ये आले.

"बंडू कुठे आहे?"

"जेवून राहिला साहेब," मी म्हटलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग पाठवा त्याला."

"जेवून राहिला ना साहेब!"

"अहो, तेच म्हणतोय मी. जेवून झालं ना त्याचं? मग आता राहिलाय कशाला?"

आता काय सांगावं माणसाला! आमच्याकडे जेवून राहिला म्हणजे घास अजून तोंडात आहे. बंडूभाऊ खरंच डबा हातात घेऊन बाहेर आला, गालात पोळी तशीच. साहेबांना वाटलं हा दुसऱ्यांदा जेवतोय.

दुसऱ्या दिवशी बंडूभाऊ ओरडला, "साहेब, विमान उतरून राहिलं!" साहेब धावत बाहेर. "उतरून कुठे राहिलं? काय झालं?" विमान बिचारं अजून आभाळातच होतं.

आम्ही पोट धरून हसलो. आठवडाभर तेच चाललं. पण साहेबांना जवळ बसवून, "असं असं आहे साहेब, आमच्या बोलण्यात याचा अर्थ हा," असं एकानंही सांगितलं नाही. कोण कशाला सांगते? फुकटचा तमाशा बंद कोण करते?

*

मग शेठ आले. सदर बाजारात कापडाचं दुकान, वय बावन्न, आणि अचानक मनात आलं की विमान शिकायचं. बायको म्हणे, "यांना कार धड रिव्हर्समध्ये काढता येत नाही." शेठ म्हणाले, "विमानाला रिव्हर्स नसतोच!"

गौरी त्यांना शिकवायची. फार शांत पोरगी. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. रेडिओवर तर असं इंग्रजी बोलायची, की बंडूभाऊ इकडे बटण दाबायच्या आधी केसातून कंगवा फिरवून घ्यायचा.

एकदा वर असताना तिनं शेठना विचारलं, "वारा कुठून आहे, कसं ओळखाल?"

शेठ इकडेतिकडे पाहायला लागले.

"त्या खापरखेड्याच्या चिमण्या पाहा. धूर कुठे चाललाय?"

शेठनी नीट निरखून पाहिलं. "वर, मॅडम."

खाली आल्यावर गौरीनं आम्हाला हे सांगितलं तेव्हा ती स्वतः हँगरच्या दाराला धरून हसत होती. तिला हसताना पाहिलं की आमचा दिवस बरा जायचा, खरं सांगतो.

*

आता नालीवालं.

सकाळी शेठ म्हणाले की उजवा पेडल नरम लागतो. एवढं समजून घ्या, मग पुढचं सोपं आहे. विमानात पायाखाली दोन पेडल असतात. खालून ढकलले की विमान डावी-उजवीकडे वळते, आणि पंजा वर नेऊन टोकाशी दाबला की ब्रेक लागतो. डाव्या चाकाचा वेगळा, उजव्याचा वेगळा. दोन सारखे लागले तर विमान सरळ थांबते. एकच लागला तर ते त्या बाजूला भिरकावते.

मी उजवा ब्रेक खोलला. लायनिंग घासून कागद झालं होतं, ते बदललं. मग नळीतली हवा काढायची. सलाइन लावताना नर्स टिचक्या मारून बुडबुडा काढते ना, तसंच काम. तेल भरा, दाबा, बुडबुडा येऊ द्या, पुन्हा भरा. घाई केली की आत हवा राहते आणि पेडल फसवते. एकदोन वेळा कडक लागते, मग बदकन खाली जाते.

दोन बुडबुडे काढले असतील आणि वावधन सुटलं. आमच्याकडे उन्हाळ्यात सुटते तसं, धूळ, पालापाचोळा, टिनं खडखड. बंडूभाऊ हँगरच्या मागून ओरडला, "राजूभाऊ, या लौकर! दोन नंबर उडून राहिलं!" दोन नंबरचं विमान मागे उघड्यावर उभं होतं, दोर तुटला होता त्याचा.

मी नट घट्ट केला, नळी काढली आणि उठलो. आता नियम काय आहे? काम अर्धं सोडून उठलं, की पेडलला लाल फीत बांधायची. लाल फीत दिसली की कोणी विमानाला हात लावत नाही. फीत माझ्या खिशात होती. मी म्हटलं, दोन मिनिटात तर येतो.

पळता पळता वॉकीटॉकीवर साहेब. "राजू, ब्रेकचं काय झालं?"

"करून राहिलो साहेब!"

"छान," साहेब म्हणाले.

तुम्ही हसले ना? सगळेच हसतात. साहेबांच्या कानात काय गेलं, तर ब्रेक करून झाला आणि राजू आता मोकळा राहिला. त्यांनी ऑफिसात बसल्या बसल्या सही केली, म्हणजे विमान उडवायला मोकळं. येऊन पाहायला पाहिजे होतं, पण नाही आले.

दोन नंबरनं दोन मिनिटांऐवजी वीस मिनिटं खाल्ली. तेवढ्यात वारा जसा आला तसा गेला. मी हँगरमध्ये परत आलो. तेलाची बाटली जागेवर, नळी जागेवर, पाना जागेवर. विमान नाही!

मले आधी वाटलं मीच चुकीच्या जागी आलो. मग आवाज आला. पाहतो तं काय, एक चक्कर मारून विमान उतरायले येऊन राहिलं, डावीकडे शेठ, उजवीकडे गौरी. मी रेडिओच्या खोलीकडे असा पळालो, की चप्पल कुठं गेली ते अजून माहीत नाही. बंडूभाऊ आत नुकताच खुर्चीवर टेकला होता. "थांबव! थांबव त्याले!" बंडूभाऊ म्हणे, "विमान काय ऑटो आहे का गा?" तेवढ्यात चाकं टेकली.

पहिले सरळ धावलं. मग गौरीनं ब्रेक लावला असंल. डावा लागला, उजवा नाही. विमान गर्रकन डावीकडे वळलं, धावपट्टी सोडली, गवतात घुसलं आणि पावसाच्या पाण्याची नाली आहे तिथे पुढचं चाक मोडून थोबाडावर बसलं. पंख्याची पाती मागे वळली. धूळ उडाली. मग काहीच आवाज नाही.

बंडूभाऊनं तशातही बटण दाबलं, पण इंग्रजी सुटलं नाही. "रिपोर्ट युवर पोझिशन!" डोळ्यांसमोर तर होतं!

रेडिओवर खरखर झाली आणि गौरीचा आवाज आला. सहा वर्षांत पहिल्यांदा तिचं इंग्रजी सुटलं.

"नालीत आहो जी!"

आम्ही धावत पोचलो. तिचं मनगट मोडलं होतं, शेठच्या कपाळावर टेंगूळ. शेठ पट्टा बांधलेलेच बसले होते, समोर नालीतल्या चिखलाकडे बघत. त्यांनी मान वळवली आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "मॅडम, हे सिलॅबसमध्ये आहे का?"

*

लग्नात लोक इथं टाळ्या देतात आणि गुलाबजाम घ्यायला जातात. पुढचं ऐकत नाही कोणी.

पुढचं असं, की चार दिवसांत सगळ्या स्कूलमध्ये एकच बोलणं सुरू झालं. मॅडम फार वेगात उतरल्या. मॅडमनी जमिनीवर असताना ब्रेक तपासला नाही. मॅनेजमेंटला ते सोयीचं होतं. पायलटची चूक म्हटलं की बाकीचे सुटतात. चौकशी होईपर्यंत गौरीचं उडणं बंद केलं, आणि चौकशीत चूक तिची निघाली असती तर शिकवायचं लायसन्स गेलंच असतं. तिनं तर ब्रेक तपासला होता! जमिनीवर दोनदा दाबला, दोन्ही वेळा कडक लागला. मी सांगितलं ना, पेडल फसवते.

हे सगळं मले माहीत. आणि मी गप्प.

घरी बसवेना. या खोलीतून त्या खोलीत, गॅलरीत, परत. बायको म्हणाली, "तुमच्या पायाले चाकं लागले का? बसा न जी पंख्याखाली. फिरून काहून राहिले?" काय सांगू तिले? ती लाल फीत मी आधी डब्याच्या पिशवीत टाकली. मग वाटलं डबा धुताना सापडंल, म्हणून गाडीच्या डिक्कीत टाकली. मग वाटलं पोलीस डिक्की पाहतात. पोलिसाले काय करायचं हाय फितीचं? पण नाही! परत काढून खिशात ठेवली. हातभर कापड ते, पण मले कुठं ठेवू अन् कुठं नको झालं होतं. नोकरी गेली तं या वयात कोण घेते? पोरीचं कॉलेज चालू. आणि तिकडं तिसऱ्या गल्लीत गौरी हात गळ्यात बांधून, माहेरच्या दारात बसली राहे. मी भाजी आणायले दुसऱ्या रस्त्यानं जाऊन राहिलो होतो.

*

चौकशीला दिल्लीहून एक साहेब आले. सरदारजींसारखी उंची, बारीक चष्मा, टेबलावर फाइल. ऑफिसात सगळ्यांना बसवलं.

पहिले जोगळेकर साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "मी वॉकीटॉकीवर स्पष्ट विचारलं. राजू म्हणाला, करून राहिलो. करून, सर! मराठीत करून म्हणजे आफ्टर डुइंग. काम पूर्ण." त्यांनी त्यावर व्याकरणसुद्धा सांगितलं. क्रियापदाला ऊन प्रत्यय, वगैरे.

दिल्लीच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "आपने क्या कहा था?"

"करून राहिलो, साब."

"मतलब, कर रहा हूँ."

"हाव जी!"

साहेबांनी चष्मा काढला आणि जोगळेकरांकडे बघत राहिले. "इसमें समझ में न आने वाली बात क्या है?"

असा हशा पिकला की काय विचारता! दिल्लीच्या माणसाला समजलं आणि पुण्याच्या माणसाला नाही! बंडूभाऊनं तर माझी पाठ थोपटली. जोगळेकर साहेब लाल झाले. दिल्लीवाले स्वतः हसत लिहीत होते, भाषेच्या घोळामुळे गैरसमज. मी सुटलो होतो. मला कळत होतं मी सुटलो.

मग त्यांनी पान उलटलं आणि हसणं आवरून म्हणाले, "फिर भी, पायलट को ज़मीन पर पता चलना चाहिए था। इतना तो उनका बनता है।"

गौरी कोपऱ्यात बसली होती. तिनं प्लास्टर नीट मांडीवर ठेवलं फक्त.

माझा हात खिशात कधी गेला मले समजलं नाही. फीत टेबलावर ठेवली. माझी हिंदी अशीच आहे, हसू नका. "साब, ये पेडल को बांधना था। काम आधा था, और ये मेरे खिसे में था। ये बंधा होता तो मॅडम बैठतीच नहीं। और पेडल जमीन पर दो बार कडक लगता, नीचे किसी को पता नहीं चल सकता। मुझे मालूम है, मैंनेच छोडा था।"

कोणी हसलं नाही.  तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी खुर्चीवर टेकून बसलो.

*

निकाल सांगतो. गौरी मोकळी झाली. जोगळेकर साहेबांना लेखी ताकीद. मला तीन महिने हत्याराला हात लावायचा नाही. नोकरी राहिली, तेही जोगळेकर साहेबांमुळे. ते मॅनेजमेंटला म्हणाले, "फीत लावली नाही ही त्याची चूक, पण ती स्वतःहून कबूल कोणी केली?" मग माझ्याकडे येऊन हळूच, "मी येऊन बघायला हवं होतं रे राजू." पुण्याचा माणूस एवढं बोलला म्हणजे समजून घ्या.

ते तीन महिने मी हँगर झाडला आणि बंडूभाऊचे सल्ले ऐकले. सजा कोणती मोठी, ते तुम्हीच ठरवा!

साहेबांनी त्या काळात दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, सही करायच्या आधी स्वतः येऊन पेडलवर पाय ठेवल्याशिवाय पेन उघडणं बंद. दुसरी म्हणजे हँगरच्या भिंतीवर बोर्ड. पांढऱ्यावर लाल अक्षरं, शुद्धलेखन एकदम बरोबर:

"करून राहिलो म्हणजे झालेलं नाही."

बाहेरचे लोक येतात, त्यांना वाटते एखाद्या संताचं वचन आहे. एकानं तर फोटो काढून नेला!

*

आता शेवटचं, आणि हे मी लग्नात सांगत नाही.

विमान दुरुस्त झालं. नवं चाक, नवा पंखा. माझे तीन महिने संपले होते, ब्रेक मीच केले. साहेबांनी दोन्ही पेडल दहा दहा वेळा दाबून पाहिले. राहिली होती चाचणी, आणि ती गौरीनं करायची होती.

पण गौरी विमानाकडे फिरकेना. प्लास्टर निघून महिना झाला, मेडिकल झालं, लायसन्स हातात. तरी आज वारा आहे, उद्या फळ्यावर शिकवायचं आहे, परवा शेठना वेळ नाही. शेठ रोज येऊन बसत होते बापा! आणि माझ्याशी तर ती चौकशीपासून एक शब्द बोलली नव्हती. समोरून आली की खाली बघून निघून जायची. बंडूभाऊ म्हणाला, "चिडून आहे ते तुमच्यावर. चिडंल नाही तं काय करंल?" मलाही तेच वाटत होतं, आणि बरोबरच होतं तिचं.

एक दिवस सकाळी ती सरळ हँगरमध्ये आली. साहेबांना म्हणाली, "आज घेते मी चाचणी. पण ज्यांनी ब्रेक केले ते बाजूच्या सीटवर बसतील. नाही तर मी जाणार नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षं विमानांची कामं केली, पण मी कधी उडालो नव्हतो. तर्री पोहे नुकतेच खाल्ले होते. बसलो.

वर काय दिसलं ते विचारू नका, मी डोळे मिटले होते. खाली येताना तिचा आवाज आला, "दादा, पाय पेडलवर ठेवा."

मी डोळे उघडले. चाकं टेकली. मी तिच्या पायांकडे पाहिलं, तर टाचा जमिनीवर, पंजे खालीच. दिशा सांभाळून राहिली होती, पण ब्रेकला पाय नाही.

"दादा, ब्रेक तुमचे. लावा."

हे कुठल्याच पुस्तकात बसत नाही, तेव्हा बाहेर बोलू नका. मी दोन्ही पंजे सारखे दाबले. विमान रेघेसारखं सरळ थांबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं काहून बोलू? मी म्हटलं, झालं. संपलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

पुन्हा वर, पुन्हा खाली. पुन्हा तिचे पंजे खालीच, पुन्हा "लावा." मी लावले. सरळ थांबलं. अजून एकदा. मग अजून एकदा. तिच्या चेहऱ्यावर काही दिसेना. मला वाटलं, घे बाई, घे काढून. जेवढं काढायचं तेवढं काढ.

पाचव्यांदा थांबलो तेव्हा माझं शुद्ध बोलणं आणि धीर, दोन्ही संपली होती.

"ताई, सजा द्यायची तं एकदाच देऊन टाका न जी! ब्रेक चांगले हायेत, पाच बारी पाह्यलं तुमी. आता उतरू द्या मले!"

विमान धावपट्टीच्या मधोमध उभं. रेडिओवर बंडूभाऊ विचारून राहिला की काय झालं, काहून थांबले. ती आपल्या पायांकडे बघत बसली.

"सजा कोणाची जी, दादा?" ती म्हणाली. "ब्रेक तं पहिल्याच बारीले चांगले होते. माहा पंजाच वर जात नाही. तो जाईपर्यंत उतरू नोका."